मदत हवी आहे: भाताच्या पिंजरापासून व्हिस्कोसचा लगदा

मंडळी, भाची बेळगावात एम.एस्सी. रसायनशास्त्र करते. प्रकल्पाला भाताचं पिंजर (पेंढा) घेतलंय, कारण आमच्या खानापूरकडे त्याला तोटा नाही. गुरांना घालून उरतंच. कागदाचा लगदा असता तर मी विचारलं नसतं. व्हिस्कोसला (म्हणजे रेयॉनच्या धाग्याला) अल्फा सेल्युलोज, म्हणजे कॉस्टिकमध्ये न विरघळणारं लांब साखळ्यांचं सेल्युलोज, ९० टक्क्यांच्या वर लागतं, आणि पिंजरात हेमिसेल्युलोज (आखूड साखळ्यांच्या इतर शर्करा) भरपूर, वर सिलिका (वाळूत असते तीच). धागे काढायच्या बारीक छिद्रांत ती गेली की संपलं. हरिहरजवळच्या कारखान्यात रेयॉनचा लगदा निलगिरीच्या लाकडापासून करतात, तिथे सिलिकाची एवढी कटकट नाही.

कॉलेजात ऑटोक्लेव्ह १२१ अंशांपर्यंतच जातो. नुसत्या पाण्याने प्रीहायड्रॉलिसिस (आधीच हेमिसेल्युलोज तोडून काढणं) करायचं तर १६०-१७० अंश हवेत. म्हणून आधी सौम्य गंधकाम्ल, मग कॉस्टिक सोडा, असा बेत आहे. आम्लात सिलिका विरघळत नाही, ती सोड्यात उतरते, इथवर ठीक. पण सोड्यात शिजवल्यावर उरलेलं काळं पाणी थंड झालं किंवा त्याचा पीएच उतरला, तर तीच सिलिका परत तंतूंवर बसते ना? धुताना गरम सौम्य सोडाच वापरावा का?

दुसरं, शेवटी ८-१० टक्के गार कॉस्टिकने उरलेलं झायलन (हेमिसेल्युलोजचाच एक प्रकार) काढलं, तर सेल्युलोजच्या साखळ्या फार तुटणार नाहीत असं वाटतं. विस्कोसिटी (विरघळवलेल्या लगद्याचा दाटपणा, त्यावरून साखळ्यांची लांबी कळते) कुणी मोजली आहे का? गाईडसर म्हणतात, 'ब्लीचिंगनंतर बघू.' मला ते पटत नाही.

लगद्याचं व्हिस्कोस करायला लागणाऱ्या विषारी कार्बन डायसल्फाइडला भाची हात लावणार नाही, लगद्यापर्यंतच काम. पेपर मिलमधलं कुणी असेल तर कृपया सांगा.