आशाताईला बाळ तोलू देत नाहीत, काय करावं?

चाकणचा_लातूरकर
नमस्कार. आमची पहिली मुलगी. बायको माहेरी आहे, रेणापूर तालुक्यात. सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतपण झालं, वजन २ किलो ८०० ग्रॅम भरलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या आशाताई (गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या) घरी येऊन गेल्या. सातव्या दिवशी परत आल्या, झोळीच्या काट्यावर वजन केलं तर २ किलो ६००. सासूबाईंनी तेव्हापासून धसकाच घेतलाय. "लेकराला तोलू नये, नजर लागती" असं त्यांचं म्हणणं. आता चौदाव्या दिवशी ताई आल्या की बाळ निजलंय म्हणून सांगायचं, असं घरात ठरलंय. बायकोला आईपुढं बोलवत नाही आणि माझी रजा संपली. वजन खरंच असं उतरतं का? आणि ताईंचं येणं एवढं गरजेचं आहे का, की डोसाच्या वेळी दवाखान्यात दाखवलं तरी चालेल?

गटप्रवर्तक_केज
दादा, मी गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी. वजनाचा घोर आत्ता लावून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात लेकराचं वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. तुमच्या लेकीचे २०० ग्रॅम त्यात बसतात. मात्र दोन आठवड्यांच्या आसपास ते जन्माच्या आकड्यावर परत आलं पाहिजे, म्हणून चौदाव्या दिवसाची भेट चुकवूच नका. भरलं तर सासूबाईंचा जीव भांड्यात पडेल. नाही भरलं तर दूध ओढायला कुठं अडतंय ते तेव्हाच बघता येतं. डोस दीड महिन्याला असतात, तोवर थांबलात तर फार उशीर होतो. दवाखान्यात नॉर्मल बाळंतपण झालं की भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त.

आणि ताई फक्त वजन करत नाही. बाळ शांत असताना अंगडं वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. ६० किंवा जास्त भरले तर परत मोजते. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते का, नाळेला पू आहे का, तळहात-तळपाय पिवळे दिसतात का, सगळं बघते. त्यासाठी बाळ उजेडात आणावं लागतं. आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीला खिडकीवर गोधडी, बाजेखाली शेगडी आणि वर ओव्याची धुरी. त्या अंधारात कावीळ कुणाला दिसणार?

मागं भर उन्हाळ्यात एका घरी ताईसोबत गेले होते. बाळाला टोपडं, वर दोन दुपटी, खाली विस्तव. थर्मामीटर काखेत लावला तर शंभराच्या वर. आजीबाई म्हणतात, बाळंतवारं लागंल, काढू नका. त्यांनाच सांगितलं, मावशी, तुम्ही स्वतः हात लावून बघा. शेगडी बाहेर नेली, दुपटी सोडली, मायला पाजायला बसवलं, अर्ध्या तासानं परत बघितलं तर ताप उतरलेला. उतरला नसता तर तिथूनच १०२ नंबरची रुग्णवाहिका बोलावली असती. एवढ्या लहान जीवाचा ताप घरी अंगावर काढायचा नसतो. दूध तोडलं, झटके आले, बाळ गार पडलं, तरीही तेच.

घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीतून आली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना हे शिकवलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ पासून देशभर आशाताई हे काम करतात. तेव्हा ताईला सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले होते. उन्हातान्हात वस्तीवर चालत जाणाऱ्या बाईला दारातून परत पाठवू नका, एवढं कळकळीनं सांगते.

सासूबाईंशी वाद घालू नका. बाळ त्यांच्याच हातानं झोळीत ठेवू द्या, आधी गालाला तीट लावू द्या, त्याची आम्हाला काही अडचण नाही. फक्त डोळ्यात काजळ नको. आणि मध, घुटी, पाणी काही नको. सहा महिने निव्वळ आईचं दूध.

परभणीची_माय
गटप्रवर्तकताईंचं अगदी खरंय. माझा मुलगा दोन किलोच्या आत होता. आमच्या आशाताईंनी सासूबाईंना हातानं बघायला शिकवलं: पोट गरम आणि तळपाय गार लागले तर बाळाला थंडी वाजतेय, मग आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण. त्या दिवसापासून सासूबाई दर घटकेला तळपाय बघायच्या, आणि ताई यायच्या दिवशी चहा ठेवून वाट बघायच्या. आजीला कामात घ्या दादा, लांब ठेवू नका.

धारूर_तालुका
माझाही एक प्रश्न. भाऊ-भावजय ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर टोळी निघाली की बाळ तीन महिन्यांचं असेल. फडावर कोण येणार?

गटप्रवर्तक_केज
दादा, ४२ दिवसांनंतरही भेटी असतात: ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. निघायच्या आधी तुमच्या आशाताईला कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर देऊन ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत तळाला टाकू नका, वहिनींच्या पिशवीत ठेवा. तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात कार्ड दाखवायचं. राहिलेले डोस तिथंही मिळतात, गाव कुठलं यावरून अडवत नाहीत.

चाकणचा_लातूरकर
ताई, खूप आभार. सासूबाईंना फोन लावून दिला बायकोनं. तीट लावायची गोष्ट ऐकून त्या जरा निवळल्या. महिन्यानं दोघी माझ्या गावी, केजकडं येतील. तिथल्या ताईंना आधी कळवावं लागेल का?

गटप्रवर्तक_केज
हो, आत्ताच कळवा. माहेरच्या ताईकडून कार्डावर झालेल्या भेटी लिहून घ्या, म्हणजे इकडच्या ताईला पुढचं वजन कशाशी ताडायचं ते कळेल. गावाचं नाव मला निरोपात पाठवा, मी तिच्याशी बोलते.