वाईकर परिवार 🌺 : ‘नाव लिहा’

मनाली: ह्यांचा आतड्याचा आजार घराण्यातला आहे, सगळ्यांनी रक्ताची जनुक-तपासणी करायचीय, कालपासून तिसऱ्यांदा टाकतेय. तपासणी कोणी कोणी केली, नाव लिहा. निळ्या टिका सगळ्यांच्या दिसतायत.

बंडूकाका: 🙏 शुभ सकाळ. रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा, आतड्याचे सर्व विकार दूर. १० जणांना पाठवा.

महेश: काका, मोठं आतडंच काढलंय माझं. त्रिफळा साफ काय करणार 😄

शोभाआत्या: हसण्यावारी नेऊ नका. आणि मनाली, हे ग्रुपवर नको होतं. तनूची स्थळं बघतोय.

मनाली: आत्या, झाकून काय मिळालं? आजोबा ४२ व्या वर्षी ‘संग्रहणी’ने गेले, नाना ३९ व्या वर्षी ‘पोटाने’. ह्यांना रक्त पडत होतं, तरी आठ महिने मूळव्याधीचं मलम.

सुहास: मला काहीही त्रास नाही.

महेश: दादा, मलाही नव्हता. दुर्बिणीच्या स्क्रीनवर बघितलं मी, भिजवलेला साबुदाणा पसरावा तसे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या छोट्या गाठी, शेकड्यांनी. एपीसी जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतं. त्याची एक प्रत आपल्या घराण्यात काहींची जन्मतःच बिघडलेली. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथे पॉलिप. प्रत्येकाचा कॅन्सर होत नाही, पण इतक्यांतला एखादा होतोच, बहुतेकदा चाळिशीच्या आसपास.

केतन: साबुदाणा 🤢 उद्या एकादशी आहे रे

बंडूकाका: विषय निघालाच आहे तर, वाईच्या घराच्या पत्र्याचे सुहासचे पैसे यायचेत.

सुहास: कुठे निघाला विषय???

शोभाआत्या: आमच्या तनूला काही नाही.

मनाली: मग रक्त द्याच आत्या. ह्यांच्या रिपोर्टमध्ये नेमका बिघाड सापडलाय, तोच तुमच्यात शोधायचा. नसला तर तुमच्याकडून तनूला येणारच नाही, हे पिढी गाळून येत नाही. असला तर दर मुलामागे ५० टक्के. भाऊजी, अशा घरात दुर्बीण १०-१२ व्या वर्षापासून सुरू करतात. चिन्मय १३ चा झाला.

सुहास: माझ्या मुलाचं मी बघेन.

मनाली: तपासणी कोणी कोणी केली, नाव लिहा.
१. महेश
२.
३.

बंडूकाका: 🙏 शुभ सकाळ. रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा…

केतन: २. केतन. मंगळवारी रक्त दिलं.

बंडूकाका: मला न विचारता?

केतन: तुम्ही त्रिफळा दिला असता बाबा.

स्मिता: मनाली, उपाशीपोटी जायचं का गं?

मनाली: नाही ताई, खाऊन चालतं.

स्मिता: ३. सुहास. शनिवारी घेऊन जाते.

सुहास: स्मिता????

बंडूकाका: येताना पत्र्याचे पण बघा.