मंदी तेव्हाची आणि आताची : मुंबईकरांचे अनुभव

ऑफिसात, गाडीत, सोसायटीच्या मीटिंगला एकच विषय चालू आहे: कोणाची नोकरी गेली, कोणाची जाणार. आयटीत कपात आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यावर सीप्झच्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातल्या, दागिने कारखान्यांनीही हात आखडता घेतला. मुंबईने याआधीही असे दिवस काढलेत. सेन्सेक्सचे आकडे कुठेही मिळतात, पण तेव्हा घर कसं चाललं ते कोणी लिहून ठेवत नाही. किराणा कोणी दिला, हप्ते कसे भरले, काय विकलं, सगळं लिहा. टोपणनावाने लिहिलंत तरी चालेल.

गिरणगावकर

१८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अडीच लाख कामगारांचा पगार एकदम बंद. आईची चाळीतच खाणावळ होती, तीही गिरणीच्या पगारावरच चालायची. तिच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे जेवणाच्या उभ्या रेघा असत, पाचवी रेघ आडवी. एप्रिलनंतर पानंच्या पानं नुसत्या रेघा आणि जमेचा रकाना कोरा. मग एकेक खाणेकरी वळकटी बांधून साताऱ्याला, रत्नागिरीला निघून गेला. उधारी राहिली ती राहिलीच. वाण्याने तांदूळ कधी अडवला नाही, फक्त तेलाला रोख मागायचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं होतं, म्हणून आईला सावकाराच्या दारात जावं लागलं नाही.

पण तेव्हा अख्खी चाळ एकाच अवस्थेत होती, कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं. माझ्या मुलाची ऐरोलीतली आयटीची नोकरी यंदा गेली. नंतरही तो रोज सकाळी बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडत होता. आम्हाला त्याच्या मित्राकडून कळलं. मला हे संपापेक्षा जड गेलं.

साकीनाका

संपाला मंदी म्हणता येणार नाही, पण चुलीवर परिणाम तोच. आमची खरी कसोटी १९९१ ला. भावाबरोबर टूलरूम, म्हणजे डाय-मोल्ड बनवायचं वर्कशॉप होतं, पोलाद परदेशातून यायचं. परकीय चलन आटलं म्हणून आयातीला २०० टक्के रोख मार्जिन लागू झालं. म्हणजे लाखाचा माल मागवायला दोन लाख बँकेत अडकवायचे! त्यात जुलैत रुपयाचं अवमूल्यन. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं मुंबईहून लंडनला गेलं. आमच्याकडे वहिनीने पाटल्या काढून दिल्या आणि कामावरच्या पोरांचा पगार झाला.

कर्जत लोकल

फोर्टला शेअर ब्रोकरकडे नोकरीला होते. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांवर, ऑक्टोबरात नऊ हजारांखाली. पगार निम्मा झाला. तो सोसला, पण बँकेचं वागणं अजून खुपतं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आला, नव्या गिऱ्हाइकांना स्वस्त कर्ज मिळू लागलं, आणि आम्हा जुन्यांचा हप्ता जवळपास तिथेच. विचारायला गेले तर ‘नव्या दरावर यायचं तर कन्व्हर्जन फी भरा’. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. त्यामुळे २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून उतरला तसा भाच्याचा हप्ताही उतरला. ज्यांचं कर्ज जुन्या पद्धतीचं आहे त्यांनी या आठवड्यात शाखेत जाऊन बदलून घ्या.

गोरेगाव पूर्व

मी सीप्झमध्ये सेटिंग करते, हिरे जडवायचं काम. २०२० मध्येही घरी बसलो होतो, पण तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना मोरॅटोरियम होतं, म्हणजे हप्ते पुढे ढकलता येत होते, आणि सगळंच बंद म्हणून घरमालकही थांबला. या वेळी बाहेर सगळं चालू आहे, फक्त आमचं बंद. आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्याला चार दिवस, मग ‘घरी थांबा, बोलावू’. हातात कागद काही नाही. मुलीच्या क्लासची फी थकली आहे. शेजारणीला वाटतं मी रजेवर आहे.

गिरणगावकर

ताई, तोंडी ‘थांबा’वर बसून राहू नका. लेखी मागा. देत नसतील तर ‘मी कामावर यायला तयार आहे’ असं रजिस्टर पत्र तुम्हीच पाठवा, नाहीतर उद्या म्हणतील बाईने स्वतःच काम सोडलं. कपात केली तर कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना अजून चालू आहे का याची चौकशी करा, असेल तर नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळू शकतो. युनियनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, पत्राचा मसुदा मी करून देतो. आणि शेजारणीला सांगून टाका. झवेरी बाजाराच्या आसपास इथल्या गिऱ्हाइकासाठी माल बनवणारे कारखाने आहेत, तिथे माणूस लागतोय हे असं तोंडीच कळतं.