आईसाठी ऐकायची पुस्तकं करतोय: मुक्त सॉफ्टवेअर आणि बिनअडचणीचं संगीत सुचवा

नमस्कार मंडळी,

आईला आता छापील अक्षर दिसत नाही. मोठा टाइप, भिंग, सगळं करून झालं. वाचनाची ओढ मात्र होती तशीच आहे, म्हणून रोज रात्री एकेक प्रकरण मोठ्यानं वाचून मी फोनवर रेकॉर्ड करायला लागलो. एका फुकट ॲपवर चार महिने हे सुरळीत चाललं. मग एका अपडेटनंतर फाइल बाहेर काढायची सोय फक्त वर्गणीदारांपुरती उरली. फाइलीही त्या ॲपच्या खास फॉरमॅटमध्ये, दुसऱ्या कुठल्या प्लेयरमध्ये उघडेनात. ३८ प्रकरणं आत अडकली. शेवटी एक फोन स्पीकरवर वाजवला, दुसरा शेजारी ठेवला आणि रात्र-रात्र बसून ती पुन्हा रेकॉर्ड केली. त्यात पंख्याची घरघरही आली.

म्हणून आता नुसतं फुकट नको, मुक्त हवं. ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला आहे, उद्या बनवणाऱ्यांनी हात काढून घेतला तरी दुसरं कोणी पुढे चालवू शकेल, असं. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री'च म्हणतात, त्यामुळे शोधताना हमखास घोळ होतो.

ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड-संपादन करायचं मुक्त सॉफ्टवेअर घेतलं आहे आणि त्यावर मी खूश आहे. घरघर काढायला त्यात सोपी युक्ती आहे: कोणी बोलत नाही असा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडायचा, 'नॉइज रिडक्शन'मध्ये जाऊन 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचं, मग सगळं प्रकरण निवडून तोच इफेक्ट लावायचा. १२ डेसिबलपर्यंत छान जमतं. मी हावरटपणे २४ वर नेलं, तर माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. मूळ प्रत आता फ्लॅक या फॉरमॅटमध्ये ठेवतो. त्यात आवाजाचा कणही गळत नाही आणि फॉरमॅट खुला आहे. ऐकायला एमपी३.

मजकूर मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातून घेतो, प्रताधिकार संपलेलाच. कारण आईच्या दोन मैत्रिणींनीही ही रेकॉर्डिंग मागितली आहेत, आणि पुढे ती सगळ्यांसाठी इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहावर ठेवायची इच्छा आहे. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवक २००५ पासून हेच करत आले आहेत: पुस्तक वाचायचं आणि रेकॉर्डिंगवरचा आपला हक्क सोडून द्यायचा. ते पाहूनच मला हुरूप आला.

अडलंय ते इथे.

पहिलं संगीताचं. प्रकरणाच्या सुरुवातीला दहा-बारा सेकंद तंतुवाद्य हवं आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत (कर्त्यानं काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं) घ्यावं हे कळलं, पण परवान्यांच्या अक्षरांत गुंततो. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, इतकं पक्कं. 'एसए' (शेअर-अलाइक, म्हणजे त्याच अटींवर पुढे द्या) असलेला तुकडा माझ्या वाचनाखाली मंद वाजवला तर माझं रेकॉर्डिंगही त्याच परवान्यानं द्यावं लागेल का? आणि 'एनडी' (नो-डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेली प्रत देऊ नका) असेल तर तो नुसता कापून छोटा करणंही चालत नाही का?

दुसरं, फोनवरचा प्लेयर. आईला पडदा दिसत नाही. तिला एकच मोठं बटण हवं आणि काल जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं. आत्ताचा प्लेयर रोज पहिल्या प्रकरणावर जातो, आणि मग ती कोणाची तरी वाट बघत बसते. हे मला बघवत नाही.

तिसरं: मी घरी नसताना तिला संगणकावर काही ऐकता येईल का?

भर (दोन दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार! पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून इथेच लिहून ठेवतो.

संगीत वाचनात मिसळलं की ती सहसा रूपांतरित कृती धरली जाते, म्हणून 'एसए'ची अट आपल्या रेकॉर्डिंगला लागते आणि 'एनडी' तर बादच. यावर तुम्ही सुचवलेला उपाय उत्तम: फ्रीसाउंड या ध्वनींच्या संकेतस्थळावर शोधताना परवान्याच्या गाळणीत सीसी-झिरो (कर्त्यानं सगळे हक्क सोडलेलं) निवडायचं. त्यात श्रेयाचीही सक्ती नाही. तरी मी देणार आहे: कृतीचं नाव, कर्ता, दुवा, परवाना. एका अनोळखी माणसानं सतारीचे अकरा सेकंद जगाला देऊन टाकलेत, त्याचं नाव तरी लिहायला हवं.

फोनवर एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून 'व्हॉइस' नावाचा प्लेयर टाकला. प्रत्येक पुस्तकाचा फोल्डर वेगळा ठेवला की कुठवर ऐकलं ते तो लक्षात ठेवतो. काल सकाळी आईनं स्वतः बटण दाबलं आणि तिचं अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू झालं.

संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावला. मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रामरनं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, हे इथेच कळलं. त्यासोबत येणारा ई-स्पीक हा बोलणारा कृत्रिम आवाज मराठी वाचतो, पण आवाज फार यांत्रिक आहे. वेग कमी करून पाहिला, तरी जोडाक्षरांवर आई अडखळते. मुक्त परवान्याचा, जरा मऊ मराठी आवाज कोणी एनव्हीडीएला जोडून वापरला आहे का? एवढं एकच राहिलंय.