मदत हवी आहे: लो व्होल्टेज माल असूनही कस्टम्सवाले ८५३५ लावा म्हणतात

गडबडगुंडा
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. लो व्होल्टेज स्विचगिअर (वीज जोडायची-तोडायची आणि संरक्षणाची उपकरणं) मागवलंय. सप्लायरने इनव्हॉइसवर ८५३६ हा एचएस कोड (कस्टम्समधला मालाच्या वर्गवारीचा आकडा) टाकला होता, आमच्या एजंटने तोच भरला. आता कस्टम्सचा अधिकारी म्हणतो ८५३५ लावा. ८५३५ हाय व्होल्टेजचं, एवढं मलाही कळतं. माल लो व्होल्टेजचा आहे, डेटाशीटवर ठळक छापलंय, टेस्ट रिपोर्ट आयईसी ६०९४७ चा, म्हणजे लो व्होल्टेज स्विचगिअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. आणखी काय पुरावा हवा यांना? मला फक्त अधिकाऱ्याला द्यायच्या उत्तराचा मसुदा हवाय. लेक्चर नको, डिमरेज (माल बंदरात अडकल्याचा आकार) चढतंय.

तिसरा_फेज
स्विचगिअर म्हणजे नक्की काय? ८५३६ च्या पोटात बरीच घरं आहेत. फ्यूज ८५३६.१०, ब्रेकर ८५३६.२०, संरक्षणाची इतर उपकरणं ८५३६.३०, रिले ४१ किंवा ४९, इतर स्विच ५०. सगळ्या मालाला मिळून एका ओळीत 'स्विचगिअर' लिहिलं असेल तर कोणीही थांबवणारच.

जुना_एजंट
देश कुठला ते लिहिलं नाहीत. पहिले सहा आकडे जगभर सारखेच, ते जागतिक सीमाशुल्क संघटनेचे. पुढचे आकडे, ड्युटी, परवाने ज्या त्या देशाचे. आणि सप्लायरने कोड टाकला म्हणून आपण सुटलो असं नसतं. कोडची जबाबदारी आयात करणाऱ्याची.

गडबडगुंडा
काका, ड्युटी विचारलीच नाहीये. कोड विचारलाय, तोही सहा आकड्यांपर्यंतच. माल असा: आयसोलेटर (सर्किट वेगळं करायचा स्विच), फ्यूज, एसपीडी (व्होल्टेजच्या क्षणिक उसळीपासून वाचवणारं उपकरण) आणि बॉक्स. झालं?

खटका
माझा अनुभव सांगतो. कॉन्टॅक्टरला (कॉइलने चालणाऱ्या स्विचला) लोक डोळे मिटून ८५३६.५० लावतात. एचएसच्या स्पष्टीकरण टिपणांत रिलेची व्याख्या वाचा. एका सर्किटमधल्या बदलाने तेच किंवा दुसरं सर्किट आपोआप नियंत्रित होतं, तो रिले. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज मिळाली की संपर्क जोडले जातात. मग तो ४९ मध्येच जायला हवा. मी हे लेखी मांडलं आणि मान्य करून घेतलं.

तिसरा_फेज
त्यांच्या यादीत कॉन्टॅक्टर आहे कुठे?

खटका
नसेल, पण पुढे मागवतीलच ना.

तिसरा_फेज
आणि तुमचं ४९ सगळीकडे चालत नाही. कॉन्टॅक्टर हा मुख्य सर्किट जोडणारा स्विच, म्हणून ५० धरणारे अधिकारीही भेटतात.

खटका
भेटतात, पण व्याख्या दाखवली की गप्प बसतात.

वीजबिल_वाली
तुम्हा दोघांचं कॉन्टॅक्टर पुराण दुसऱ्या धाग्यावर न्या बघू. @गडबडगुंडा, आयसोलेटरची नेमप्लेट जशीच्या तशी टाइप करा. मॉडेल नंबर नको. यू-ई (चालवायचं व्होल्टेज), यू-आय (इन्सुलेशनचं) आणि यू-इम्प (क्षणिक धक्क्याचं) समोर जे आकडे असतील तेवढेच.

गडबडगुंडा
यू-ई डीसी १५०० व्होल्ट. यू-आय १५०० व्होल्ट. यू-इम्प ८ केव्ही. सोलर प्लँटसाठी आहे. फ्यूज आणि एसपीडीही १५०० डीसीचेच. पण डीसीमध्ये लो व्होल्टेज १५०० पर्यंत धरतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहिलं नाही.

वीजबिल_वाली
सगळं तिथेच अडलंय.

आयईसी ६०९४७ मध्ये लो व्होल्टेज म्हणजे एसीला १००० आणि डीसीला १५०० व्होल्टपर्यंत. युरोपच्या लो व्होल्टेज नियमांतही वरची हद्द हीच. त्यामुळे तुमची डेटाशीट खरी, टेस्ट रिपोर्टही खरा. पण एचएस कोडमध्ये 'लो व्होल्टेज' असा शब्दच नाही. ८५३५ म्हणजे १००० व्होल्टपेक्षा जास्त, ८५३६ म्हणजे १००० पेक्षा जास्त नाही. एसी-डीसी असा भेद शीर्षकात कुठेच केलेला नाही. १५०० हे १००० पेक्षा जास्त, संपला विषय. अधिकारी बरोबर आहे.

म्हणजे आयसोलेटर ८५३५.३०, फ्यूज ८५३५.१०, एसपीडी ८५३५.४०. आणि पॅनेलला सोलर केबल मागवली असेल तर तीही बघा. ८५४४ मध्येही हीच १००० ची रेघ आहे आणि त्या वरच्या केबल ८५४४.६० मध्ये जातात.

गडबडगुंडा
म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणतो लो व्होल्टेज आणि कस्टम्स म्हणतं हाय? एकाच वस्तूला?

वीजबिल_वाली
हो. कस्टम्स 'हाय' असंही म्हणत नाही, नुसता आकडा बघतं. मसुद्यात 'लो व्होल्टेज' हा शब्द जितका रेटाल तितकं उत्तर कच्चं पडेल.

जुना_एजंट
ताईंचं बरोबर आहे. एक भर घालतो. उलटा गोंधळही होतो. ६९० व्होल्टच्या साध्या एमसीसीबीवर (एका प्रकारच्या ब्रेकरवर) यू-इम्प ८ केव्ही वाचून 'हे तर आठ हजार व्होल्टचं' म्हणत ८५३५ लावायला निघालेला माणूस मी पाहिलाय. यू-इम्प म्हणजे क्षणिक धक्का सोसायची क्षमता, चालवायचं व्होल्टेज नव्हे. बघायचं ते यू-ई. अशा केसमध्ये भांडा. तुमच्या केसमध्ये नाही.

सूर्यपुत्र_४२
मला पटत नाही. प्लँटचं स्ट्रिंग व्होल्टेज (ओळीने जोडलेल्या सोलर पॅनेलचं मिळून व्होल्टेज) प्रत्यक्षात १००० च्या आत डिझाइन केलं असेल तर ८५३६ का नाही? वापर कसा होणार यावर कोड ठरायला हवा.

वीजबिल_वाली
माल बंदरात असतो तेव्हा तो कोणत्या छतावर लागणार हे कोण तपासणार? वस्तू ज्या व्होल्टेजसाठी बनली आहे ते नेमप्लेटवर असतं, तेच धरतात. आणि १००० च्या आत चालवायचं होतं तर १५०० चा माल कोण घेतं? महाग पडतो.

सूर्यपुत्र_४२
आम्ही घेतो. स्टॉक एकच ठेवता येतो.

वीजबिल_वाली
मग कोडही एकच ठेवा.

खटका
मुळात डीसी तोडणं अवघड असतं. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य येतच नाही, म्हणून डीसी स्विचमध्ये संपर्क लांब, चुंबक, आर्क च्यूट (ठिणगी विझवायचा कप्पा) वगैरे प्रकार. कस्टम्सने डीसीची वेगळी रेघ आखायला हवी होती.

तिसरा_फेज
हे बंदरावर जाऊन सांगा. आधी बॉक्सचं बोलूया का? @गडबडगुंडा, बॉक्स रिकामे आहेत की आत काही बसवलंय?

गडबडगुंडा
कॉम्बायनर बॉक्स आहेत, सोलर पॅनेलच्या ओळींच्या तारा एकत्र करणारे. रिकामेच आलेत, आयसोलेटर, फ्यूज, एसपीडी वेगळ्या खोक्यांत. एकाच कंटेनरमध्ये, एकाच इनव्हॉइसवर. इथे आल्यावर आम्ही बसवणार. आत मॉनिटरिंगचं मीटरही बसणार आहे.

तिसरा_फेज
हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर पाच प्रतिसाद वाचले असते.

जुना_एजंट
आता चित्र बदललं. एचएसच्या अर्थनिर्णयाचा नियम २(अ) वाचा. सुट्या भागांत आलेली पण एकत्र आणलेली पूर्ण वस्तू ही जोडलेल्या वस्तूसारखीच धरतात. ८५३५ किंवा ८५३६ ची दोन किंवा अधिक उपकरणं बसवलेला, वीज नियंत्रणाचा वा वितरणाचा बॉक्स म्हणजे ८५३७. १००० च्या वर म्हणून ८५३७.२०. मीटर असला तरी हरकत नाही, ९० व्या प्रकरणातली उपकरणं बसवलेली चालतात असं शीर्षकातच लिहिलंय. रिकामे बॉक्स स्वतंत्रपणे आले असते तर ८५३८.१०.

तेव्हा मोजणी करा. प्रत्येक बॉक्सला लागतात तेवढेच आयसोलेटर, फ्यूज, एसपीडी आहेत का? असतील तर सगळा संच ८५३७.२०. जास्तीचे फ्यूज स्पेअर म्हणून मागवले असतील तर तेवढ्यांची वेगळी ओळ, ८५३५.१०.

सूर्यपुत्र_४२
नियम २(अ) चा अर्थ सोपा नाही. नट-बोल्ट असो की वेल्डिंग, उरलेलं काम फक्त जोडणीचं असावं लागतं, भागांवर आणखी प्रक्रिया चालत नाही. तुम्ही इथे बॉक्स कापून भोकं पाडणार असाल तर वाद होऊ शकतो.

जुना_एजंट
हे मान्य. पाडलेली भोकं, माउंटिंग प्लेट, असेंब्लीचं ड्रॉइंग हे सगळं फाइलला लावा.

गडबडगुंडा
भोकं कारखान्यातूनच पाडून आलीत. ड्रॉइंगही आहे. स्पेअर फ्यूज आहेत थोडे.

वीजबिल_वाली
मग मसुदा असा. '८५३६ चा आग्रह नाही' हे पहिल्याच वाक्यात लिहा, अधिकारी पुढचं वाचेल. दुसऱ्यात, माल हा सुट्या भागांत आलेला कॉम्बायनर बॉक्स असून नियम २(अ) नुसार ८५३७.२० मागतो. सोबत बॉक्सनिहाय तक्ता: बॉक्स नंबर, त्यातले भाग, यू-ई. पॅकिंग लिस्टमधली खोकी तक्त्याशी जुळली पाहिजेत, इथेच लोक मार खातात. शेवटी स्पेअरची वेगळी ओळ.

जुना_एजंट
आणि डिमरेजसाठी: कोडचा वाद मिटेपर्यंत हमी भरून माल सोडवता येतो का ते विचारा. डब्ल्यूटीओच्या व्यापार सुलभीकरण करारात, कलम ७.३ मध्ये, ही तरतूद आहे. करार २०१७ पासून अमलात आहे. सोय अर्थातच तुमच्या देशाने ती कशी राबवली यावर. पुढच्या खेपेला आगाऊ निर्णय मागा, तो कलम ३ मध्ये येतो. आता मागून उपयोग नाही, तोच प्रश्न कस्टम्ससमोर प्रलंबित असला की अर्ज नाकारता येतो.

गडबडगुंडा
हमीचं एजंटने सांगितलंच नव्हतं. तक्ता आज रात्री बनवतो. आणि टेस्ट रिपोर्ट? तो ६०९४७ चा आहे, पण बॉक्सचा नाही.

वीजबिल_वाली
भागांचा रिपोर्ट भागांना. पूर्ण बॉक्सला ६१४३९ (जोडून तयार झालेल्या पॅनेलचं आयईसी मानक) लागतं. ८५३७ मागितल्यावर ते विचारलं जाईल याची तयारी ठेवा. रिपोर्टवरचा मॉडेल नंबर आणि नेमप्लेटवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळतो का तेही बघा, शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी परत पाठवतात.

वायफाय_वेडा
थोडं विषयांतर. मोबाइलवरून चालणारा वायफाय स्विच ८५३६.५० की ८५१७ (फोन-नेटवर्कची उपकरणं)?

खटका
आत रिले असतो, मग ८५३६.४९ का नाही?

तिसरा_फेज
सुरू झालं पुन्हा.