800 कॅलरी किंवा त्याहून कमी : तुम्ही सुरुवात का केलीत?

मेतकूट_भात (ठाणे)

नमस्कार मंडळी. किती किलो उतरले, आधीचा फोटो नंतरचा फोटो, हे सगळीकडे पैशाला पासरी मिळतं, मला ते नकोय. मला एवढंच विचारायचंय की दिवसाला 800 कॅलरी किंवा त्याच्याही खाली, ज्याला व्हीएलसीडी म्हणतात ते, असलं टोकाचं काही करायला तुम्ही कशामुळे तयार झालात. दीक्षित, इंटरमिटंट, कीटो, जीएम हे सगळं करून बसलेले इथे बरेच असणार, मीही त्यातलीच, पण ते वेगळं. 800 म्हणजे किती ते मोजल्याशिवाय कळत नाही. श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी असं एका वेळेला नीट जेवलं की दिवसाचा कोटा संपलाच म्हणायचा, आणि त्याला आपण उपास म्हणतो.

माझं थोडक्यात सांगते. धाकट्याच्या वेळी प्रेग्नन्सीत शुगर आली, बाळंतपणानंतर गेली आणि चाळिशीत कायमची मुक्कामाला आली. आई इन्सुलिनवर आहे, तिच्या पायाची बोटं काढावी लागली, ड्रेसिंग मीच करते त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते रोज डोळ्यासमोर असतं. डॉक्टर म्हणाले तुम्हाला होऊन फार दिवस झाले नाहीत, आत्ता चांगलं वजन उतरलं तर गोळ्या सुटायचा चान्स आहे, जितकी वर्षं जातील तितका तो कमी होत जातो. तर त्यांच्याच देखरेखीखाली पुढच्या महिन्यात सुरू करतेय. घरात सगळ्यांचं एकच, "एवढं कशाला?" मला त्याचं धड उत्तर देता येत नाही म्हणून तुमची ऐकायची आहेत. फक्त कृपा करून मेनू टाकू नका, वाचून कुणीतरी उद्यापासून आपलं आपणच सुरू करेल.

डावखुरा_फलंदाज (पुणे)

माझं कारण माझं वजन नव्हतंच.

बाबांना लिव्हर सिऱ्हॉसिस. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, डायबेटिस आणि फॅटी लिव्हरमधून झालेला. हे नातेवाईकांना सांगताना इतका वैताग यायचा, प्रत्येक जण आधी डोळे बारीक करून बघायचा. पोटात पाणी व्हायचं, ते काढायचं, परत व्हायचं, आणि एकदा रात्री रक्तातला अमोनिया मेंदूपर्यंत चढला आणि ते मला माझ्याच काकाच्या नावाने हाका मारायला लागले. ट्रान्सप्लांटशिवाय गत्यंतर नाही म्हणाले. ब्रेन डेड पेशंटकडून मिळणाऱ्या लिव्हरची यादी लांब, आपल्याकडे बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी देतं. बहिणीचा ब्लड ग्रुप जुळेना, आईचं वय झालेलं, उरलो मी. मी स्वतःला फिट समजायचो, रविवारी ग्राउंडवर असायचो, पोट थोडं पुढे होतं पण ते कुणाचं नसतं.

सीटी झाला आणि कोऑर्डिनेटर मॅडमनी बसवून सांगितलं, तुमच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे, हे असं घेता येणार नाही. उजवा भाग काढतात तो अर्ध्याहून जास्त असतो, उरलेल्यावर तुम्हाला जगायचंय आणि काढलेल्यावर त्यांना, दोन्हीकडे चरबीने घोळ होतो. म्हणजे बाबा ज्या आजाराने आत झोपले होते त्याचीच पहिली पायरी माझ्या पोटात होती आणि मला पत्ताच नव्हता. पण चरबी शरीरात दुसरीकडून निघायला वेळ लागतो तसा लिव्हरमधल्या चरबीला लागत नाही, ती लवकर हलते असं त्यांनी सांगितलं, आणि हॉस्पिटलच्याच डाएटिशियनने 800 वर टाकलं, मधूनमधून रक्त तपासायचे.

बाबांना सांगितलं नाही. कळलं असतं तर ऑपरेशनलाच नाही म्हणाले असते, पोराला उपाशी ठेवून मला जगायचं नाही वगैरे. मी समोर बसलो की म्हणायचे जेव रे, आणि मी ऑफिसातून जेवून आलो म्हणायचो, तेव्हा मी ऑफिसला जातच नव्हतो. भूक पहिल्या आठवड्यात लागली तेवढीच, नंतर थंडी वाजायची, भर मे महिन्यात पंखा बंद करून बसायचो आणि बायको घामाघूम. चिडचिड किती केली ते तिला विचारा. मित्र म्हणायचे काय विलपॉवर आहे राव. कसली विलपॉवर, मला कुणी वडापाव दिला तर त्या वडापावच्या पलीकडे बाबा दिसायचे, खाणार कसा?

परत स्कॅन झाला, पास झालो. ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे विचारलं कुणाचा दबाव आहे का, नाही म्हटलं. ऑपरेशन झालं. आता बाबा मिठावरून आईशी भांडतात. माझं लिव्हर परत वाढलं, वजनही थोडं परत आलंय, तेवढ्यावर लक्ष ठेवून आहे.

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

डावखुरे भाऊ, दंडवत तुम्हाला.

माझं साधं आहे. बॅरिॲट्रिकचं, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं होतं, स्लीव्ह, त्यात जठर कापून लहान करतात. मला वाटलं ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट, तारीख मिळाली की बिनधास्त. तर सर्जन म्हणाले आधी दोन आठवडे हे लिक्विड डाएट करायचं, लिव्हर बारीक व्हाया पायजे. जठर डाव्या बाजूच्या लिव्हरखाली असतंय आणि दुर्बिणीतून काम करताना ते उचलून धरावं लागतंय, मोठं मऊ झालेलं लिव्हर असलं तर फाटून रक्त येतंय. मी विचारलं, लिक्विडच पायजे ना, मग पांढरा रस्सा चालतोय काय? डॉक्टर हसले पण नाहीत. तारखेच्या आधल्या दिवसापर्यंत पावडर पिऊन काढली. पाहुण्यांच्यात जत्रा होती त्याच आठवड्यात, गेलोच नाही, गेलो असतो तर राहिलोच नसतो.

लेस्टरवाली_मावशी

खरं सांगू का, फुकट होतं म्हणून.

इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा प्रोग्रॅम आहे, टाइप टू रिमिशनचा, म्हणजे गोळ्यांशिवाय शुगर नॉर्मल करायचा, जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर पाठवतो. डायबेटिस होऊन 6 वर्षांच्या आत असायला हवं, इन्सुलिन चालू नको, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, गोऱ्यांना 27 लागतो पण आपल्या लोकांना 25 पासून घेतात कारण आपलं पोट आधी बाहेर येतं. 12 आठवडे नुसते शेक आणि सूप, आठशे-नऊशे कॅलरी, सगळं घरपोच, मग हळूहळू जेवण परत आणि वर्षभर कोच फोन करून डोकं खाते. न्यूकॅसलच्या प्रोफेसर रॉय टेलर यांनी 2011 साली फक्त 11 जणांवर 600 कॅलरीचा प्रयोग केला होता, त्यातून हे पुढे वाढलं. मोठा ट्रायल आला 2017 ला, त्यात वर्षाने 46 टक्के लोक गोळ्यांशिवाय नॉर्मल होते आणि दोन वर्षांनी 36. माझ्या मुलीने हे आकडे प्रिंट काढून फ्रिजवर लावले. मी तिला म्हटलं, अगं म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचा गेला नाही असंही होतं ना ते. ती म्हणाली आई, तू नेहमी रिकामाच अर्धा बघतेस.

पण नुसतं फुकट म्हणून कुणी दिवाळीत मशरूम सूप पीत नाही हेही खरं. मला मेटफॉर्मिन पोटाला सोसत नव्हतं, बसमध्ये, कामावर, कुठेही धावायची वेळ यायची. त्या गोळीपासून सुटका हवी होती, बाकी हृदय, किडनी ते सगळं डॉक्टर सांगायचे आणि मी मान हलवायचे. सुपात लाल तिखट घालायचे, कोचला सांगितलं तर म्हणाली दॅट्स फाइन.

विरार_फास्ट

चौथी सीट.

ज्यांना माहीत आहे त्यांना समजलं. बाकीच्यांसाठी, लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा देतात, सरका म्हटलं की सरकतात. माझ्यासाठी सरकायच्या, पण आधी एकमेकींकडे बघायच्या. एक दिवस विचारणंच बंद केलं आणि बोरिवलीपर्यंत उभी राहायला लागले. गुडघे आधीच दुखत होते. डॉक्टरांकडे गेले ते गुडघ्यासाठी, वजनाचं तिथे निघालं. मोठी कारणं वाचून लाज वाटतेय लिहायला पण विचारलंय म्हणून लिहिलं.

मेतकूट_भात

विरार, लाज कसली गं! मीही कळव्याहून उभी राहून जायचे, सगळं समजलं.

संत्रा_बर्फी (नागपूर)

माझं कारण आयव्हीएफ. पीसीओएस आहे, म्हणजे ओव्हरी अन् हार्मोन्सचा त्रास, लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पहिल्या सेंटरमध्ये मॅडमनी वजन पाहिलं अन् फाइल बंद करून म्हणाल्या आधी 15 किलो कमी करून या, मग बोलू. वय पस्तिशीच्या पुढे, एग्ज काय थांबून राहणार आहेत का. भूलेसाठी, पुढे प्रेग्नन्सीत बीपी-शुगरसाठी वजन कमी असलेलं चांगलं हे मान्य आहे ना, पण सांगायची काही पद्धत असते की नाही. तिथून निघाली ती डायरेक्ट 800 वर. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या आज काय खाल्लं, अन् मी सांगितलं की गप्प होऊन आत जायच्या. नंतर कळलं की त्यांनी पण रात्रीचा भात सोडला होता.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. स्वीडन, डेन्मार्क, आइसलंडमध्ये मिळून एक अभ्यास झालाय, 2017 मध्ये आला. लठ्ठ बायकांना आयव्हीएफच्या आधी 12 आठवडे 880 कॅलरीवर ठेवलं, वजन उतरलं, पण मूल होण्याचं प्रमाण दुसऱ्या ग्रुपपेक्षा काही खास वाढलं नाही. काहींना मात्र आयव्हीएफची वेळच आली नाही, आपोआप राहिलं. ते म्हणाले वय बघता वजनासाठी वर्ष घालवू नका, जेवढं झालं तेवढं ठीक, डाएट थांबवा, नीट खा, मग आयव्हीएफची सायकल सुरू करू. रडली मी तिथेच. इतके महिने मला वाटत होतं की माझ्या एकेका पोळीमुळे मूल होत नाहीये.

पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, नजर लागते.

वजनकाटा

मी डाएटिशियन आहे, त्यामुळे स्वतःचं नाही पण क्लिनिकमधलं सांगते. कारण विचारलं की पहिल्या भेटीत सगळे "हेल्थ" म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरं बाहेर येतं. विमानात बेल्टचं एक्स्टेन्शन मागावं लागलं, स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकतो त्याच्या मशीनमुळे नवरा वेगळ्या खोलीत झोपायला लागला, मुलाने शाळेच्या गॅदरिंगला येऊ नको म्हटलं. लग्न ठरलेल्या मुलींची तर वेगळी रांग असते, साखरपुडा ते लग्न एवढ्याच मुदतीत सगळं हवं असतं. त्यांना मी हे देत नाही. लग्नात केस विंचरताना पुंजके हातात येतील, केस गळायला दोन-तीन महिन्यांनीच सुरुवात होते, नेमकं मुहूर्तावर. आणि इतक्या झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, ते हनिमूनला दुखायला लागलं तर?

गोळ्या चालू असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी तशीच चालू ठेवून जेवण तोडलं तर शुगर धाडकन खाली जाते, डापाग्लिफ्लोझिनवर असाल तर शुगर नॉर्मल दिसत असताना कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो, बीपीची गोळी कमी केली नाही तर उठल्यावर चक्कर. टाइप वन, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या यांचा प्रश्नच नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत नुसतं हलकं प्रोटीन पाणी पिऊन लोक बारीक झाले आणि त्यातले कितीतरी हृदय बंद पडून गेले, तेव्हापासून ह्या डाएटमध्ये चांगलं प्रोटीन, पोटॅशियम, व्हिटॅमिन मोजून घालतात. घरी दोन काकड्या आणि ताक म्हणजे व्हीएलसीडी नव्हे.

नावात_काय

मला सुरूच करू दिलं नाही. कॉलेजात असताना मी खाऊन उलट्या काढायचे, चार वर्षं, घरी कुणाला माहीत नव्हतं. आता वजन खरंच जास्त आहे, थायरॉइड आहे, सगळ्या रीतीने मी "पात्र" होते. डॉक्टरांनी फॉर्मवर तो प्रश्न विचारला, खाण्याचा काही त्रास होता का, आणि मी पहिल्यांदा हो लिहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले मग हे तुमच्यासाठी नाही, आपण सावकाश जाऊ, आणि एका काउन्सेलरचं नाव दिलं. खूप राग आला होता. माझं कारण काय होतं विचाराल तर, मोजायला मिळणार होतं. कुणीतरी डॉक्टरच मला कमी खा म्हणणार होते, परवानगीच की ती.

वजनकाटा

नावात_काय, त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्हालाही.

शीत_कडी (फोंडा)

मी दोनदा केलंय, दोन्ही वेळची कारणं वेगळी म्हणून लिहितो. पहिल्यांदा पैज. ऑफिसात आम्ही पाच जण, सगळे डायबेटिसची बॉर्डर ओलांडलेले, कोणाची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, आधी साडेसहाच्या खाली येते बघू. डॉक्टर ओळखीचे, त्यांनी गोळ्या बंद करून दिल्या, लक्ष ठेवलं. मी जिंकलो, सगळ्यांना पार्टी दिली, म्हणजे हरलेल्यांनी द्यायची ती मीच दिली, आणि पार्टी नंतर बरेच दिवस चालूच राहिली. चतुर्थी, मग जत्रा, मग कोणाचं लग्न. वजन आलं तशी शुगरही आली. साडेसहाच्या खाली आलं म्हणजे आजार गेला अशी आमची समजूत, तो फक्त आत जाऊन बसलेला.

दुसऱ्यांदा पैज वगैरे नव्हती. बायको रात्री टॉर्च घेऊन माझे तळपाय बघायला लागली, कुठे कापलं-भाजलंय का, कारण मला समजत नव्हतं. तिच्या वडिलांचे ती तसेच बघायची. मी म्हटलं हे बंद कर, ती म्हणाली तू बंद कर, मी का करू.

आता नेहमीचं जेवण सुरू होऊन काही महिने झाले. बधिरपणा पूर्ण गेलेला नाही, डॉक्टर म्हणतात नसा सावकाश सुधारतात, सगळ्या सुधारतीलच असं नाही. गोळी एकच राहिलीय. पोदेराला पाव निम्मे सांगितलेत, शीत एक वाटी, नुस्तें मात्र सोडलेलं नाही. टॉर्च अजून चालूच आहे.

मेतकूट_भात

सगळ्यांचे आभार. वजनकाटा, मी ग्लिमेपिराइडवरच आहे आणि हे डॉक्टरांशी नीट बोललेच नाहीये, सोमवारी सकाळी फोन करते. डाएटच्या पहिल्या दिवसापासून बंद करतात की आदल्या दिवसापासून, एवढं काय काय विचारायचं ते सांगून ठेवा.