शहापूरच्या पाड्यावरील कुटुंबांना किराणा द्यावा की थेट रोख रक्कम?

प्रश्न : घोडबंदर रोड, ठाणे

नमस्कार. आमच्या सोसायटीतील काही कुटुंबे मिळून दरवर्षी दिवाळीच्या आधी शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला असलेल्या एका कातकरी आदिवासी पाड्यावर मदत घेऊन जातात. तांदूळ, डाळ, तेल, साखर, ब्लँकेटे आणि मुलांसाठी वह्या असे तिचे स्वरूप आजवर राहिले आहे. यंदा वर्गणी बरी जमली असून प्रत्येक घरामागे साधारण पाच हजार रुपये येतील असा अंदाज आहे. बैठकीत काही सभासदांनी असे सुचवले की वस्तू घेऊन जाण्याऐवजी ही रक्कम थेट घरातील बाईच्या खात्यात जमा करावी. त्यावर बरीच चर्चा झाली आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की रोख पैसा दारूत जाईल, तो कशावर खर्च झाला याचा हिशेब वर्गणीदारांना देता येणार नाही आणि रेशनवर धान्य तसेच लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये मिळत असताना आणखी रोख रकमेची गरजच काय. माझा स्वतःचा कल रोख देण्याकडे आहे, कारण गेल्या खेपेस एका बाईने किराण्याची पिशवी हातात घेतल्यावर मला बाजूला नेऊन विचारले, "ताई, हे राहू द्या, याच्या बदली पैसे देता का? पोराला शहापूरला दवाखान्यात न्यायचंय, जीपवाला उधार नेत नाही." पिशवीतील सामानाची किंमत जीपच्या भाड्यापेक्षा कितीतरी अधिक होती, पण त्या क्षणी तिच्या ते उपयोगाचे नव्हते. मात्र एका प्रसंगावरून सर्वांचे पैसे कसे द्यावेत हे ठरवणे योग्य नव्हे, म्हणून या भागात काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुरबाड

ताई, आपण विचारलेल्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे मदत केव्हा द्यायची. माझी बरीचशी नोकरी टोकावडे आणि धसईच्या परिसरातील शाळांवर झाली आणि वर्गातली मुले कोणत्या महिन्यात गळतात हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या भागातील भूमिहीन कातकरी कुटुंबाचे वर्ष पावसावर आणि वीटभट्टीवर चालते. आषाढात भाताच्या लावणीची मजुरी मिळते, चार पैसे हातात येतात. लावणी उरकली की श्रावण-भाद्रपदात काम जवळपास थांबते; कापणी अजून दूर असते, रानभाज्या, खेकडे आणि नदीनाल्यातील मासळी यांवर दिवस निघतात, दुकानदाराची उधारी वाढत जाते आणि नेमके याच दिवसांत घरात ताप-जुलाबाची दुखणी येतात. भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येतो तो याच सुमारास. तो उचल, म्हणजे आगाऊ मजुरी देतो, आणि ती घेतली की दिवाळीनंतर नवरा-बायकोच्या जोडीने भिवंडी, कल्याण किंवा रायगडच्या बाजूला भट्टीवर जावे लागते. तिथे आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, हजार विटांमागे दर ठरलेला असतो आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. त्या हिशेबात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारीची पद्धत 1976 च्या कायद्याने बंद झाली हे खरे, परंतु गरजेच्या वेळी घेतलेल्या पैशांपायी अख्खा हंगाम बांधला जाणे हे आजही पाहायला मिळते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पटावर नाव असते आणि मूल मात्र भट्टीवर कच्च्या विटा उलटीत बसलेले असते.

आता आपण मदत दिवाळीच्या आधी नेता. तोवर उचल घेऊन झालेली असते. तेच पाच हजार रुपये गौरी-गणपतीच्या आधी, म्हणजे घरात अन्नाची आणि औषधाची खरी चणचण असताना पोहोचले, तर त्या बाईला निदान दुकानदाराची उधारी आणि दवाखाना यांसाठी भट्टीवाल्यापुढे हात पसरावा लागणार नाही. सगळी उचल पाच हजारांत टळेल असे मी म्हणत नाही. ती रक्कम पुष्कळदा याहून बरीच मोठी असते. परंतु ती जितकी कमी घेतली जाईल तितकी पुढची बाकी कमी राहते, आणि घरातले एक माणूस मागे राहून मुलांची शाळा चालू ठेवण्याची शक्यता निर्माण होते.

शासनालाही पावसाळ्यातील ही अडचण माहीत आहे. आदिवासी कुटुंबांसाठीचे खावटी कर्ज याच दिवसांकरिता होते. 2020 मध्ये त्याचे अनुदान झाले तेव्हा प्रतिकुटुंब चार हजार रुपये ठरले, त्यातील दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचे धान्य-किराणा. माझ्या मते त्यातला रोखीचा भाग मोठा असायला हवा होता. रेशनचे धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे आणि अंत्योदय कार्डावर महिन्याला पस्तीस किलो मिळते. म्हणजे आपण ज्या तांदळाचे ओझे ठाण्याहून वाहून नेता, तीच वस्तू त्या घरात त्यातल्या त्यात मिळण्यासारखी असते. तेल, मीठ-मिरची, औषध, जीपचे भाडे आणि छपरावर टाकायचा मेणकागद या गोष्टी मात्र रेशनवर मिळत नाहीत.

दारूचा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण जो पितो तो मजुरीतून आणि उचलीतूनही पितो. बाईच्या खात्यात आलेल्या रकमेमुळे त्याचे पिणे वाढलेले मला दिसलेले नाही.

उत्तर : खारघर, नवी मुंबई (विकास अर्थशास्त्राची अभ्यासक)

गुरुजींनी वेळेचा जो मुद्दा मांडला आहे तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याला जोडून, रोख मदतीवर झालेल्या अभ्यासांतील काही गोष्टी सांगते, कारण दारूची शंका जगभर सगळीकडे घेतली गेली आहे आणि तिची तपासणीही झालेली आहे.

जागतिक बँकेच्या संशोधकांनी 2014 मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही. पश्चिम केनियात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने गरीब ग्रामीण कुटुंबांना कोणतीही अट न घालता मोबाइलवरून पैसे दिले. त्यावरील 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. लोकांनी अन्नावर अधिक खर्च केला, गुरे घेतली आणि गवताची छपरे काढून पत्रे घातले. आपल्यासाठी त्यातील एक निष्कर्ष विशेष उपयोगी आहे. ज्यांना रक्कम दरमहा थोडी थोडी मिळाली त्यांच्या घरी जेवणाची ददात कमी झाली, आणि ज्यांना ती एकदम मिळाली त्यांनी पत्रे, गुरे अशा टिकाऊ गोष्टी घेतल्या. म्हणजे रक्कम कशी द्यायची यावर ती कशासाठी वापरली जाते हे बऱ्याच अंशी ठरते.

लाडकी बहीण योजनेबद्दलच्या आक्षेपाचे उत्तरही मला यातच दिसते. जुलै 2024 पासून पात्र महिलांना मिळणारे दरमहा दीड हजार रुपये रोजच्या मीठमिरचीत जातात, आणि ते तसेच जाणे योग्य आहे. त्यातून उधारी एकरकमी फेडणे किंवा शेळी घेणे क्वचितच जमते. शिवाय एकवीसपेक्षा लहान वयाची विवाहित मुलगी, पासष्ट ओलांडलेली म्हातारी आणि कागदपत्रे अपुरी असलेली स्त्री त्या योजनेच्या बाहेरच राहते. आपल्या यादीत मात्र ती असू शकते.

आपल्या देशातील उदाहरण हवे असेल तर मध्य प्रदेशात 2011 च्या सुमारास 'सेवा' या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने केलेला प्रयोग आहे. इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत प्रत्येक प्रौढ व्यक्तीला महिन्याला दोनशे आणि मुलामागे शंभर रुपये दिले गेले, पुढे ही रक्कम तीनशे आणि दीडशे झाली. एका आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला. रक्कम लहान होती, तरी मुलांचे पोषण आणि शाळेतील हजेरी सुधारली, जनावरे वाढली आणि कर्जाचा भार हलका झाला.

एक सावधगिरीही सांगते. मेक्सिकोत काही गावांना अन्नधान्य आणि काही गावांना रोख रक्कम देऊन तुलना केली गेली, तेव्हा जिथे धान्य आले तिथे स्थानिक किमती उतरल्या, रोखीच्या गावांत मात्र उतरल्या नाहीत, आणि दुर्गम गावांत हा फरक अधिक होता. पाड्यावर एकच दुकान असेल आणि त्याचीच उधारी सर्वांच्या डोक्यावर असेल, तर पैसे येणार हे त्याला आधी कळल्यास भाव आणि वसुली दोन्ही वाढू शकतात. आठवडे बाजाराच्या एक-दोन दिवस आधी रक्कम जमा करावी, म्हणजे बाईला दुसरीकडे खरेदी करता येईल.

उत्तर : वाशी (एका न्यासाचे हिशेब पाहणारा)

मला वर्गणीदारांची बाजू मांडायची आहे. व्यक्तीच्या खात्यात थेट दिलेल्या रकमेवर आयकरातील देणगीची सवलत मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. हे सर्वांना आधी स्पष्ट सांगावे, म्हणजे मागाहून नाराजी येणार नाही.

दुसरे असे की रोख रकमेने सुटणार नाहीत अशा गरजा शहापूर तालुक्यात ठसठशीत दिसतात. तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यात आहेत, मुंबई-ठाण्याच्या नळांना त्यांचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर लागतात. घरामागे पाच हजार वाटण्याऐवजी सर्व रक्कम एकत्र करून विहिरीचा गाळ काढला किंवा साठवण टाकी बांधली, तर तिचा उपयोग साऱ्या पाड्याला होईल, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : बचत गट समन्वयक, शहापूर

वाशीच्या सरांचे पाण्याबद्दलचे दुःख माझेही आहे. हंड्यासाठी बायका किती चालतात हे मी रोज पाहते. पण पाणीयोजना ही ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे, आणि तिचा पाठपुरावा करण्यासाठी शहरातील सुशिक्षित माणसांची सही, अर्ज आणि खेपा यांची मदत वर्गणीपेक्षा अधिक होईल. भाद्रपदात ताप आलेल्या मुलाच्या आईला मात्र टाकी बांधून होईपर्यंत थांबता येत नाही. या दोन गरजा एकमेकींच्या आड आणू नयेत.

आमच्या गटातील एका बाईचे सांगते. तिला प्रसूतीच्या वेळी शासनाच्या मातृवंदना योजनेचे पैसे मिळायचे होते. पहिल्या अपत्यासाठीचे हे पाच हजार वेळेवर आले नाहीत आणि तिने भट्टीची उचल घेतली. पैसे आले तेव्हा ती बाळाला घेऊन भट्टीवर पोहोचली होती. पुढे त्या पैशांतून तिने दोन शेळ्या घेतल्या, आज त्यांची करडे विकून ती पावसाळ्याचा किराणा भरते; पण तो एक हंगाम तिचा आणि बाळाचा विटांच्या धुरात गेला. गुरुजी म्हणतात तो वेळेचा मुद्दा म्हणजे नेमके हेच.

हिशेबाविषयी एक सूचना आहे. पावत्या मागू नयेत. शंभर रुपयांच्या भाजीची पावती बाजारात कोणी देत नाही, आणि मागितली की बाया घाबरून खोटे सांगू लागतात. महिन्याभराने पाड्यावर जाऊन चहा पीत गप्पा माराव्यात, कोणी काय केले ते त्या स्वतःहून सांगतात. सर्व घरांना सारखी रक्कम द्यावी. निवड करत बसलात तर पाड्यात तेढ येते.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, कल्याण

निर्णय रोखीच्या बाजूने झाला तर खात्यांची तपासणी आधी करा. पुष्कळदा मदत इथेच अडते. अनेक बायकांची दोन-तीन खाती असतात. शासनाचा लाभ आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातो आणि बाई मात्र जुने पासबुक घेऊन दुसऱ्याच शाखेत चौकशी करत राहते. आपण खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून रक्कम पाठवणार असल्याने हा घोळ टळेल, परंतु ते खाते चालू आहे का हे पाहावेच लागेल. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते आणि केवायसी पुन्हा केल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत.

दुसरी अडचण अंगठ्याची. विटा थापून आणि चिखलात काम करून बोटांचे ठसे झिजतात, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातील यंत्र ते ओळखत नाही. शिवाय काही ठिकाणी केंद्रचालक पैसे काढून देताना मधल्यामध्ये रक्कम कापून घेतात. म्हणून पैसे जमा होण्याआधी एकदा सर्व बायकांना शाखेत नेऊन पासबुके भरून घ्या, ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांना रुपे कार्ड मिळवून द्या आणि केंद्रातून छापील पावती मागायला शिकवा. जनधन खात्याला किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, हेही त्यांना सांगा. अनेकींना दंड कापला जाईल अशी भीती असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आपली उत्तरे मी बैठकीत वाचून दाखवली. सवलतीचा मुद्दा स्पष्ट सांगितल्यावर काही जणांनी आपली वर्गणी एका मान्यताप्राप्त संस्थेकडे वळवली, बाकीच्यांनी रोख देण्यास संमती दिली. रक्कम गणपतीच्या आधी, आठवडे बाजाराच्या दोन दिवस अगोदर, प्रत्येक घरातील बाईच्या खात्यात एकरकमी जमा करायची असे ठरले आहे. पाणीयोजनेच्या पाठपुराव्यासाठी आमच्यातील दोन निवृत्त अभियंते अर्ज तयार करत आहेत.

कल्याणच्या सरांना विनंती आहे की जुलैमध्ये एखाद्या कामाच्या दिवशी आमच्यासोबत शाखेत यावे. शहापूरच्या ताई, पाड्यावरील बायांचा लावणीचा खाडा होणार नाही असा दिवस आपणच सुचवावा.

उत्तर : बचत गट समन्वयक, शहापूर

पहिल्या पंधरवड्यात येऊ नका, सगळ्या बाया शेतात असतील. जोराचा पाऊस लागला की लावणी एखादा दिवस थांबते. मी सकाळी फोन करीन, आसनगावपर्यंत लोकलने या, पुढची जीप मी सांगून ठेवते. शाखा व्यवस्थापकांशी बोलणे झाले आहे, त्यांनी आधार आणि रेशन कार्डाच्या दोन-दोन प्रती आणायला सांगितल्या आहेत. प्रतींचे पैसे बायांकडून घेऊ नयेत एवढे पाहा.